चौदा शेरे आणि चार महिन्यांची शांतता

पत्र

ताई, मी मूळची सोलापूरची. बी.ई. करून दोन वर्षं झाली, सध्या हिंजवडीत एका छोट्या कंपनीत पायथॉन ही भाषा आणि तिच्यातली जँगो ही वेबसाइट बनवायची चौकट, यांवर काम करते. कंपनीत माझा कोड कुणी वाचत नाही. चाललं की झालं! म्हणून ठरवलं, ओपन सोर्समध्ये (सगळ्यांना खुल्या असलेल्या कोडमध्ये) काहीतरी करू, म्हणजे जाणती माणसं आपला कोड बघतील. जँगोच्या अ‍ॅडमिनमधल्या (साइट सांभाळायच्या पानांतल्या) फिल्टरचा एक लहानसा बग, म्हणजे चूक, घेतला. त्याचं टिकीट, म्हणजे नोंद, आधीपासून होतं. पुल रिक्वेस्ट (पीआर), म्हणजे माझा बदल आत घ्या अशी विनंती, टाकली. आठवड्याभरात उत्तर आलं ते चौदा शेऱ्यांचं! टेस्ट कुठे आहे, हे बदल कशाला, असं का केलं, तसं का नाही, कमिट मेसेज (बदलासोबत लिहायची ओळ) बरोबर नाही. वर टिकिटावर 'पॅच नीड्स इम्प्रूव्हमेंट' (पॅच, म्हणजे केलेला बदल, सुधारायला हवा) असा शिक्का. मी दोन दिवस बसून जमेल तेवढं दुरुस्त केलं आणि पुश केलं, म्हणजे वर चढवलं. त्याला आता चार महिने झाले, कुणी हूं की चूं केलेलं नाही. 'डिअर सर, काइंडली रिव्ह्यू' असं दोनदा लिहून पाहिलं. मधल्या काळात टीममधल्या सीनियरने ते पान उघडून सगळ्यांसमोर वाचून दाखवलं, आणि हसले सगळे. पीआर बंद करून टाकू का? की चॅटजीपीटीकडून नीट लिहून घेऊन नवी टाकू? मला नोकरी बदलायची आहे. मुलाखत घेणाऱ्याने ते चौदा शेरे पाहिले तर?

— नाव छापू नये, हिंजवडी

उत्तर

बंद करू नकोस, आणि नवी तर मुळीच टाकू नकोस. आधी मला एक सांग. दुरुस्ती पुश केल्यावर टिकिटावरची ती 'पॅच नीड्स इम्प्रूव्हमेंट'ची खूण तू काढलीस का? पत्रात तसं कुठेच नाही, म्हणजे काढली नसणार असं धरून लिहिते.

जँगोचं काम दोन ठिकाणी चालतं आणि नव्या माणसाची गफलत नेमकी तिथेच होते. कोड गिटहब या साइटवर असतो, पण टिकिटं ट्रॅक नावाच्या वेगळ्या साइटवर. (दिसायला ती अगदीच जुनाट आहे, पण तिच्यावाचून चालत नाही.) ट्रॅकवर प्रत्येक टिकिटाला काही चौकोन असतात: पॅच आहे, टेस्ट हव्यात, डॉक्युमेंटेशन हवं, पॅच सुधारायला हवा. टिकीट 'अ‍ॅक्सेप्टेड' असेल, 'पॅच आहे'वर खूण असेल आणि बाकीचे तीन चौकोन कोरे असतील, तरच ते रिव्ह्यूसाठी थांबलेल्यांच्या यादीत येतं. वेळ काढून रिव्ह्यूला बसणारी माणसं ती यादी उघडतात. तू गिटहबवर पुश केलंस म्हणून ट्रॅकवरची खूण आपोआप जात नाही. ती ज्याने पॅच लिहिला त्याने काढायची असते. त्यामुळे गेले चार महिने त्यांच्या लेखी काम तुझ्याकडे आहे, आणि तुझ्या लेखी त्यांच्याकडे. बँकेत टोकन न घेता बाकावर बसून राहावं, तशातली गत.

तेव्हा ट्रॅकवर लॉगिन कर (गिटहबच्याच खात्याने होतं), खूण काढ आणि खाली दोन ओळींत लिही की अमुक अमुक दुरुस्त केलं आहे. पण थांब, आजच नको. 'जमेल तेवढं दुरुस्त केलं' या तुझ्या शब्दांनी मला काळजीत टाकलंय. चौदांपैकी चार राहिले असतील तर आठ दिवसांत तीच खूण परत बसेल आणि मग तू खरंच सोडून देशील. आधी ते शेरे पुन्हा उघडू.

आपल्याला शाळेपासून सवय आहे, की शेरा म्हणजे गुण कापले. इथे गुण नाहीत. कोड आत घ्यायचा झाला तर आणखी काय काय व्हायला हवं, एवढंच ते सांगत असतात. जो पॅच घ्यायचाच नाही त्यावर कुणी चौदा ठिकाणी थांबून लिहीत बसत नाही. टिकीट एका ओळीत 'वोन्टफिक्स' (दुरुस्त करणार नाही) म्हणून बंद करतात आणि पुढच्याकडे वळतात. तुझा कोड कुणीतरी ओळीओळीने वाचला, आणि तुला तेच हवं होतं ना?

'हे बदल कशाला' या शेऱ्यांचं मूळ मला न बघता सांगता येईल. तुझ्या एडिटरमध्ये फाइल सेव्ह केली की फॉरमॅट करणारं काहीतरी चालू आहे. जँगोने 2022 मध्ये सगळा कोड ब्लॅक या फॉरमॅटरच्या वळणावर आणला, त्यात ओळ 88 अक्षरांपर्यंत जाते. तुझ्या कंपनीच्या सेटिंगमध्ये 79 असेल, तर सेव्ह करताक्षणी फाइलभर ओळी तुटतात. तू बदललेल्या सहा-सात ओळी आणि भोवती शंभर ओळींचा पालापाचोळा. वाचणाऱ्याला त्यातून खरा बदल शोधावा लागतो. तुझी डिफ (कुठल्या ओळी बदलल्या ते दाखवणारं पान) स्वतः गिटहबवर उघडून, परक्याच्या नजरेने, वरपासून खालपर्यंत वाच. ज्या ओळीचा बगशी संबंध नाही ती मूळ जागी ने. एखाद्या व्हेरिएबलचं नाव तुला खटकलं आणि जाता जाता बदललंस, तर तेही परत फिरव, मग तुझं नाव कितीही सरस असो. एका पॅचमध्ये एकच गोष्ट. याबाबतीत मी कर्मठ आहे आणि जँगोवाले माझ्याहून कर्मठ आहेत.

आता टेस्ट. चौदातला हा सगळ्यात वजनदार शेरा आणि नवशिके बहुधा याच्यावरच घाईघाईने काहीतरी चिकटवतात. जँगोत बग दुरुस्त करायचा म्हणजे अशी एक टेस्ट द्यायची की जी तुझ्या दुरुस्तीशिवाय पडते आणि दुरुस्तीसह पास होते. पहिला अर्धा भाग विसरू नको. दोन्ही वेळा पास होणारी टेस्ट बगविषयी काहीच सिद्ध करत नाही, आणि अशा टेस्ट लोक सर्रास पाठवतात. करायचं असं: टेस्ट लिही, मग दुरुस्तीची फाइल तेवढी मेन ब्रँचवरच्या (प्रकल्पाच्या मुख्य कोडमधल्या) जुन्या रूपात आण आणि टेस्ट चालव. लाल अक्षरं दिसली पाहिजेत. कुठली चूक दाखवली तेही वाच. कधी कधी टेस्ट पडते ती इम्पोर्ट विसरल्यामुळे, आणि आपण उगाच खूश होतो. टिकिटात वर्णन केलेलीच चूक दिसत असेल तर दुरुस्ती परत आण आणि पुन्हा चालव. जँगोच्या हजारो टेस्ट दर वेळी चालवायची गरज नाही. टेस्ट्सच्या फोल्डरमधून टेस्ट चालवणाऱ्या रनटेस्ट्सला 'admin_filters' एवढंच नाव दिलंस की तेवढ्याच चालतात. लॅपटॉप जुना असला तरी चहा होईपर्यंत निकाल हाती.

हे दोन्ही प्रयोग केलेस की उत्तरात तसं लिही. "टेस्ट घातली. दुरुस्तीशिवाय पडते, दुरुस्तीसह पास होते, दोन्ही करून पाहिलं." वाचणाऱ्याचं निम्मं काम तू केलेलं असतंस, आणि तिथून पुढे तो तुझ्या शब्दावर जरा जास्त भरवसा ठेवतो.

'असं का केलं, तसं का नाही' हे तुला सगळ्यात जास्त लागलेलं दिसतंय. कंपनीत सीनियरने 'असं का केलं' म्हटलं की त्याचा अर्थ 'गाढवपणा केलास' असा असतो, मान्य. इथे तो खराखुरा प्रश्न असतो. समोरच्याला कारण माहीत नाही, कदाचित तुझं कारण चांगलं असेल, म्हणून विचारलंय. नवी मंडळी यावर दोनच गोष्टी करतात. एक तर मुकाट्याने सांगितलं तसं बदलून टाकतात, नाहीतर रुसून बसतात. तिसरी वाट आहे, कारण सांगायचं. समजा तुझं कारण असं आहे: "फिल्टरची व्हॅल्यू रिकामी असताना क्वेरीस्ट्रिंगमधून ती की गळत होती, म्हणून तपासणी आधी ठेवली. तुम्ही सुचवलंत तसं करून पाहिलं, पण मग जुनी एक टेस्ट पडते. ती टेस्ट आता कालबाह्य आहे असं तुम्हाला वाटतं का?" हे इतकंच, साध्या इंग्रजीत. या तीन वाक्यांत तू त्यांचं ऐकलंस, करून पाहिलंस, आणि पुढचा प्रश्नही टाकलास. अशी उत्तरं वाचून मेंटेनरला (प्रकल्प सांभाळणाऱ्याला) तुझं नाव लक्षात राहतं. आणि करून पाहिल्यावर त्यांचंच बरोबर निघालं, तर "तुमची पद्धत सोपी आहे, तशी केली" म्हणून मोकळी हो.

बारीकसारीक शेऱ्यांवर (जागा सुटली, कॉमेंटला पूर्णविराम नाही, स्ट्रिंगची मांडणी) वाद घालू नकोस. करून टाक. कमिट मेसेजही तसाच: 'फिक्स्ड', मग हॅश आणि टिकिटाचा नंबर, मग दोन आडव्या रेघा, मग काय केलं ते भूतकाळी क्रियापदाने, शेवटी पूर्णविराम. हा सोवळेपणा वाटेल. पण दहा वर्षांनी एखादी ओळ कुठून आली हे शोधणारा माणूस त्या नंबरावरून थेट टिकिटावर पोचतो आणि तिथली सगळी चर्चा त्याला मिळते. जँगो 2005 पासून लोकांच्या हातात आहे, आणि इतक्या जुन्या कोडमध्ये असा माग लागणं ही चैन राहत नाही.

चार महिन्यांत मेन ब्रँच बरीच पुढे गेली असेल. तुझी ब्रँच तिच्यावर रीबेस कर (तुझे बदल आजच्या कोडवर नव्याने बसव), मर्ज नको. कमिट एकत्र करून त्याच ब्रँचवर फोर्स पुश कर (जुन्याच्या जागी नवं चढव). तीच पीआर अपडेट होते. नवी उघडलीस तर जुन्या पीआरमधली सगळी चर्चा मागे पडते, आणि वाचणाऱ्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

आता तुझ्या 'डिअर सर'बद्दल. आपल्याकडच्या ऑफिसांनी लावलेली ही सवय आहे, तुझा दोष नाही, पण सोड. एक तर समोर सर आहेत हे तुला कुणी सांगितलं? जँगोच्या फेलोंमध्ये, म्हणजे टिकिटं लावणं, रिव्ह्यू करणं, प्रकाशन काढणं यासाठी जँगो सॉफ्टवेअर फाउंडेशन ज्यांना पैसे देतं त्यांच्यात, अलीकडच्या काळात नतालिया बिदार्त आणि सारा बॉइस या दोघींनी काम केलंय. आणि 'काइंडली रिव्ह्यू' यात नवी माहिती शून्य. आठवण करायचीच तर काही आठवडे जाऊ देत आणि त्या आठवणीत काहीतरी दे: "मेनवर रीबेस केलं, सगळ्या शेऱ्यांना उत्तरं दिली, ट्रॅकवरची खूण काढली." लिंक्डइनवर कुणाला गाठून पीआरची लिंक पाठवू नकोस. फेलो सोडले तर रिव्ह्यू करणारे बहुतेक जण स्वतःची नोकरी सांभाळून, घरचं आवरून, रात्री हे करत असतात.

त्यांच्या सावधपणाचंही कारण आहे, आणि ते फक्त वेळेचं नाही. 2024 च्या मार्चमध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या (फाइल दाबून लहान करायच्या) लायब्ररीत मागचं दार, म्हणजे मुद्दाम लपवलेली चोरवाट, सापडलं. 'जिया टॅन' या नावाने कुणीतरी साधारण दोन वर्षं मोठ्या सभ्यपणे पॅच पाठवत होतं. त्याच काळात वेगळ्याच नावांनी मूळ मेंटेनर लासे कॉलिन यांच्यामागे तगादा लागला होता, की तुम्हाला वेळ नसेल तर दुसऱ्याच्या हाती द्या. थकलेल्या माणसाने शेवटी जिया टॅनला अधिकार दिले. हे उघडकीला आलं ते अँड्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणाऱ्या माणसाला एसएसएच (दूरच्या मशीनवर शिरायच्या) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय हे खटकलं म्हणून. तेव्हापासून अनोळखी नावाने घाई लावली की अनुभवी मेंटेनर आणखी सावकाश होतात. तुझ्या दोन 'काइंडली'ना कुणी तसं समजलं असेल असं नाही. पण घाई करून काही हाती लागत नाही, एवढं लक्षात ठेव.

आणि एक आपल्या घरातलंही सांगते. 2020 च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये (ऑक्टोबरात पीआर टाकायच्या उपक्रमात) पहिल्या 70,000 जणांना टी-शर्ट मिळणार होता. एका भारतीय यूट्यूब चॅनेलवर पीआर कशी टाकायची याचं प्रात्यक्षिक झालं आणि जगभरच्या प्रकल्पांवर 'अमेझिंग प्रोजेक्ट' असे शब्द रीडमीत (प्रकल्पाची ओळख देणाऱ्या फाइलीत) घुसवणाऱ्या पीआरचा पाऊस पडला. इतका, की आयोजकांना ऐन ऑक्टोबरात नियम बदलावा लागला: ज्या प्रकल्पांनी स्वतःहून होकार दिलाय तेवढेच धरायचे. पुढे 2024 मध्ये एक्सप्रेस या जावास्क्रिप्टच्या प्रकल्पाची तीच गत. व्हिडिओ बघून पोरांनी रीडमीत आपापली नावं लिहायला सुरुवात केली. मेंटेनर वैतागले, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तू त्यातली नाहीस. खरा बग घेतलास, टिकीट शोधलंस. पण तुझ्या पहिल्या पीआरकडे बघणाऱ्याला तू त्यातली आहेस की नाही हे कळायला तुझी उत्तरंच लागतात.

चॅटजीपीटीचं याच ओघात. कोड समजून घ्यायला, इंग्रजी वाक्य सरळ करायला वापर, माझी हरकत नाही. पण शेऱ्याला उत्तर त्याच्याकडून लिहून घेऊन चिकटवू नकोस. कर्ल या इंटरनेटवरून डेटा आणणाऱ्या साधनाचे कर्ते डॅनियल स्टेनबर्ग गेली काही वर्षं जाहीरपणे सांगताहेत, की यंत्राने लिहिलेल्या, वरवर भरीव दिसणाऱ्या आणि आत पोकळ असलेल्या सुरक्षा-अहवालांनी त्यांच्या टीमचा वेळ कसा खाल्ला. ती गुळगुळीत भाषा आता लोक लांबून ओळखतात. त्यापेक्षा तुझं सोलापुरी वळणाचं इंग्रजी शंभर पटीने बरं. जँगोच्या रिव्ह्यूत इंग्रजी मातृभाषा नसलेले पुष्कळ आहेत. व्याकरण कुणी तपासत नाही. आणि पॅचमधल्या प्रत्येक ओळीचं कारण तुला स्वतःला सांगता आलंच पाहिजे, कारण दुसऱ्या फेरीत तेच विचारतील.

तुझ्या मूळ इच्छेबद्दल, म्हणजे 'जाणती माणसं कोड बघतील' याबद्दल, थोडं कडू बोलते. प्रकल्पातला रिव्ह्यू ही शिकवणी नव्हे. हा बदल आमच्या कोडमध्ये राहू द्यायचा का, आणि तू निघून गेल्यावर आम्हाला तो सांभाळता येईल का, एवढंच ते बघतात. त्यात तू शिकतेस, भरपूर शिकतेस, पण तो जोडीने मिळणारा लाभ. तुझ्या कोडचं वळण कसं आहे, कुठे सुधारता येईल, हे निवांत कुणी सांगावं असं वाटत असेल तर त्यासाठी वेगळी ठिकाणं आहेत. एक्सरसिझम बघ. कॅटरिना ओवेन यांनी 2013 मध्ये सुरू केलेला, स्वतःही ओपन सोर्स असलेला उपक्रम. लहान लहान प्रश्न सोडवायचे आणि मार्गदर्शन मागायचं. स्वयंसेवक तुझं उत्तर वाचून सांगतात, की चालतंय हे खरं, पण पायथॉनमध्ये हे असं लिहितात. पैसे लागत नाहीत. जँगोतच राहायचं असेल तर जँगोनॉट स्पेस म्हणून आठ आठवड्यांचा कार्यक्रम असतो, त्यात छोटे गट करून जाणत्या माणसाच्या सोबतीने पहिली टिकिटं सोडवतात. त्यांची पुढची फेरी कधी आहे यावर लक्ष ठेव, अर्ज करावा लागतो. पुण्यात राहतेस तर पायथॉन पुणेच्या भेटींना जा. पायकॉन इंडिया या पायथॉनवाल्यांच्या परिषदेला जोडून स्प्रिंट (एकत्र बसून कोड लिहायची सत्रं) होतात, तिथे शेजारी बसून कुणीतरी तुझी पीआर बघतं. स्क्रीनवर जो शेरा तुला कोरडा वाटला असता, तोच माणूस समोर बसून हसत सांगतो.

माझा खरा सल्ला मात्र वेगळाच आहे, आणि तो तुला आगाऊपणा वाटेल. तू दुसऱ्यांचे पॅच वाचायला लाग. आत्ता, स्वतःचा आत जायच्या आधी. जँगोत रिव्ह्यू करायला कुठलं पद लागत नाही. उलट नियम असा आहे की 'रेडी फॉर चेकइन' (आत घ्यायला तयार) ही खूण ज्याने पॅच लिहिला त्याने लावायची नाही, दुसऱ्या कुणीतरी तो तपासून लावायची. म्हणजे प्रकल्पाला अशा दुसऱ्या माणसाची कायम गरज असते. मग शेवटचा हात फेलो किंवा मर्जचे अधिकार असलेलं कुणी फिरवतं.

तुला अ‍ॅडमिनचे फिल्टर आता माहीत झालेत, तर त्याच भागातला एखादा लहान पॅच उचल. दुसऱ्याची पीआर आपल्या मशीनवर ओढून घेता येते. टिकीट वाच, बग आधी स्वतः घडवून बघ, मग पॅच लाव आणि गेला का बघ. त्याची दुरुस्ती काढून त्याची टेस्ट पडते का बघ. (निम्म्या वेळा इथेच काहीतरी सापडतं.) डॉक्युमेंटेशन बदलायला हवं होतं का? मग जे केलंस ते जसंच्या तसं लिही: "पायथॉनच्या अमुक आवृत्तीवर, एसक्यूलाइट डेटाबेसवर तपासलं. बग दिसला, पॅचनंतर गेला. टेस्ट दुरुस्तीशिवाय पास होते, असं अपेक्षित आहे का?" सुरुवातीला 'रेडी'ची खूण लावायच्या भानगडीत पडू नकोस, टिप्पणी पुरे. सगळं ठीक असेल तर ते सांगणंही रिव्ह्यूच आहे, फक्त काय तपासलंस ते सांग. नुसतं 'एलजीटीएम' (मला ठीक दिसतंय) लिहिलंस तर काय तपासलं हे कुणालाच कळत नाही.

असे काही पॅच वाचलेस की तुझ्या लक्षात येईल, तूही तेच शेरे लिहिते आहेस: टेस्ट नाही, हा बदल कशाला, असं का केलं. आणि लिहिताना तुझ्या मनात त्या माणसाबद्दल काहीही वाईट नसेल. शिवाय त्या भागात तुझं नाव चार लोकांना माहीत झालं, की तुझ्या पॅचकडे बघायला माणूस मिळणं सोपं जातं. हा व्यवहार आहे म्हण हवं तर. मला त्यात वावगं काही दिसत नाही.

एखादा रिव्ह्यूअर खरंच उद्धट भेटला तर? कोरडं बोलणं आणि अपमान यात फरक कर. 'हे काढा' हे कोरडं, 'असं लिहिणाऱ्याने प्रोग्रॅमिंग सोडावं' हा अपमान. दुसऱ्या प्रकारचं ऐकून घेण्याची गरज नाही. लिनक्सच्या कर्नेलमध्ये (त्या सिस्टिमच्या गाभ्याच्या प्रकल्पात) वर्षानुवर्षं ते खपवून घेतलं गेलं. शेवटी 2018 मध्ये खुद्द लिनक्सचे कर्ते लिनस टॉर्व्हाल्ड्सना आपल्या भाषेबद्दल माफी मागून काही आठवडे बाजूला व्हावं लागलं, आणि कर्नेलने आचारसंहिता स्वीकारली. जँगोलाही आचारसंहिता आहे, तक्रार कुठे करायची ते तिच्यात दिलंय. तू सांगितलेल्या शेऱ्यांत मला असं काही दिसलं नाही. अपमान झाला तो तुझ्या ऑफिसात.

त्या सीनियरबद्दल फार लिहीत नाही. जो स्वतःचा कोड कधी चार परक्यांपुढे ठेवत नाही, त्याला दुसऱ्याचे शेरे वाचून दाखवणं सोपं जातं. पुन्हा हसला तर विचार, "तुमची एखादी पीआर दाखवता का, मला शिकायचंय." बघ काय म्हणतो ते.

आणि मुलाखत. मी मुलाखती घेते. उमेदवाराच्या गिटहबवर हिरवे चौकोन (रोजच्या कामाच्या खुणा) किती आहेत हे मी बघत नाही, ते कसेही भरता येतात. एखादी पीआर मात्र उघडते, आणि शेऱ्यांची संख्या न मोजता उत्तरं वाचते. चौदा शेरे, चौदांना शांतपणे दिलेली उत्तरं, दोन ठिकाणी मान्य न केलेलं आणि त्याचं कारण सांगितलेलं, असं पान दिसलं की माझे निम्मे प्रश्न तिथेच संपतात. या मुलीला कोडवर बोललेलं सोसतं, आणि हिच्याशी वाद घालता येतो. चौदा शेरे आणि खाली शांतता असं पान असेल तर मात्र मी विचारेन, पुढे काय झालं? आज तुझं पान तसं आहे, हे खरं. शनिवार-रविवार काढ.

कळव काय झालं ते. मर्ज व्हायला आणखी दोन-तीन महिने लागले तरी अजिबात नवल मानू नकोस.

ता. क. जँगोच्या कोडमध्ये 'ऑथर्स' नावाची एक साधी टेक्स्ट फाइल असते. पॅच देणारे आपलं नाव तिच्यात स्वतःच घालतात. कुणी मागाहून बोलावून घेत नाही आणि संकोच करायचं कारण नाही. त्याच पॅचमध्ये एक ओळ वाढव. यादी पहिल्या नावाच्या इंग्रजी आद्याक्षरांनी लावलेली आहे, आडनावाने नव्हे. एरन स्वार्ट्झ हा नामवंत प्रोग्रॅमर त्यामुळे अगदी वरच्या ओळींत सापडतो. तुझं नाव योग्य जागी घाल, नाहीतर पंधरावा शेरा त्याचाच येईल.